आणखी मागे सर

मी मांडीपर्यंत रेतीत रुतले होते, कडेवर दोन वर्षांचा सतीश होता आणि भरतीचं पाणी कमरेला लागत होतं. पन्नासेक वर्षांपूर्वी रविवारचं मढच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो होतो. ‘आणखी मागे सर, चहूकडे वाळूच दिसली पाहिजे, वाळवंटासारखी,’ म्हणत नवऱ्यानेच फोटोसाठी मला तिथे उभं केलं होतं. पाय ओढला की मी आणखी खाली जाई.

‘उभी काय राहतेस, बाय? आडवी पड! पोर दे इकडं!’ शिंपल्या वेचणारी कोळीण ओरडली आणि पालथी सरपटत आली. सतीशला सोडायला माझे हात तयार होईनात. तिने तो हिसकावून घेतला, मग मी आडवी पडले.

परवा सतीशने राजस्थानात नेलं. कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाला, ‘आई, थोडी मागे सर ना.’

‘इथेच काढ,’ मी म्हटलं.

मढला आम्ही दोघंही वाचलो.