टेकाडावरच्या वन्सं

"वहिनी, टेकाडावर आज धूर न्हाई!" माझा चुलत दीर बापू वाटेवरून ओरडला आणि तोच वर धावला. माझी नणंद गंगू तिथे वर चुलीजवळच वारली होती. आम्ही तिला वन्सं म्हणायचो. दीड महिना झाला. गाव तिला वेडी म्हणतं, म्हणून लिहिते. चौथी शिकले आहे, तेवढं पुरतं.

माझे मालक वारले तेव्हा आमची जमीन बापूला हवी होती. मी देत नाही म्हटल्यावर त्याने वस्तीच्या वाटेवर बाभळीचे काटे रचले. दूध जाईना, दळण येईना. "कंटाळून इकशील," म्हणाला. मी रडत बसले. वन्सं नवऱ्याने टाकलेली, माझ्याकडेच राहायची. तिने घोंगडी उचलली आणि घराशेजारच्या टेकाडावर हौदापाशी जाऊन बसली. बापूच्या विहिरीचं पाणी मोटारीने त्या हौदात चढायचं आणि पाइपाने त्याच्या घरी, गोठ्यात उतरायचं. टेकाडाला पलीकडून कडा. चढायची वाट एकच, आमच्या अंगणातून. काटे रचताना हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

"गंगे, खाली उतर!"

"तूच वर ये की. वाट कुनी बुजवली?"

"पानी तोडशील तर बघ!"

"अजून हौदाच्या कॉकाला हात लावला न्हाई, बापू. लावू का?"

तीन दिवस ती नुसती बसून होती. चौथ्या दिवशी बापूने स्वतःच काटे ओढून काढले, हात रक्ताळले. ना मारामारी झाली, ना पोलीस आले.

पण वन्सं उतरली नाही. "मी उतरले की काटे पुन्हा पडतील," म्हणायची. वर पत्र्याची खोली घातली. पीठ-मीठ न्यायला यायची, दोन शब्द बोलायची, जायची... पुढे बापू निवळला, तरी मी तिला ये म्हटलं नाही. राखणीला मला ती वरच हवी होती. खाली एकटीने जेवताना घास उतरायचा नाही, आणि त्याचा राग मी तिच्यावरच काढायचे.

गुडघ्यांमुळे मी टेकाड कधी चढले नव्हते. तेराव्यानंतर बसत-उठत चढले, तिचं सामान आवरायला. खाट दारातच होती. खाटेवर टेकले. तिथून हौद दिसत नाही. बापूचं घरही दिसत नाही. दिसतं ते माझं अंगण, आणि मी ताट घेऊन बसते तो ओटा.