पऱ्हाटीचा चिमटा

धुळ्याच्या वकिलाचा कारकून घरी आला की खाट असो, भिंत असो, विचारायचा, “हे कधीचं?” मला राग यायचा. पण काम आमच्या लोहाराचं होतं. कापूस वेचल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या उपटायचा चिमटा आपणच शोधला म्हणून एका कारखानदाराने पेटंट घेतलं अन् लोहाराला चिमटे बनवायची बंदी आणायला निघाला. आमच्या घरातला चिमटा त्या पेटंटच्या आधीचा, एवढं कोर्टात दाखवायचं होतं.

“कशावरून आधीचा, आबा?”

“तिले इचार ना भाऊ,” मी बोलून गेलो. बायकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

कारकुनाने चिमटा हातात घेतला. मुठीवर तिने गुंडाळलेली लुगड्याची चिंधी त्याने हळूच सोडली, घडी घालून माझ्या हातात दिली.

“कोर्टाला लोखंड पुरे.”

हा चिमटा पेटंटच्या कितीतरी आधीपासून तिच्या हातात पाहिला, अशी तिच्यासंगं वावरात राबलेल्या बायांनी साक्ष दिली अन् लोहार जिंकला. चिंधीला तिचा वास आता राहिला नाही. तरी हुंगतो.