पॅन्ट्रीतून दिलेलं उत्तर

चहा घेता घेता ऐका, आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. हे मी भिशीतल्या बायकांनाही सांगितलेलं नाही, आणि माझ्या पोटात काही राहणं किती कठीण, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्या शेजारच्या कुसुममावशी. काका गेले आणि इथे न्यू जर्सीत, आयसेलिनच्या त्या घरात एकट्या उरल्या. मुलगा निखिल प्लेनोला. त्यानं ठरवलं, घर विकायचं आणि आईला टेक्सासला न्यायचं. घर विकायचे अधिकार त्याला मिळावेत म्हणून मावशींची सही हवी होती, तीही नोटरीसमोर. नोटरी कुठे? तर लॅपटॉपमध्ये. हल्ली कायद्यानं चालतं म्हणे तसं. मला निखिलचा फोन, "काकू, आईला जरा लॅपटॉप लावून द्या ना. टू मिनिट्सचं काम आहे."

मला काय, आवतणच मिळालं. तशी मी आधीच कामाला लागले होते. सोफा कोणाला, भांडी कोणाला, मनात सगळं वाटून झालं होतं. कढीपत्त्याची कुंडी तर माझ्याकडे नेऊनही ठेवली होती. जर्सीच्या थंडीत जगवलेला कढीपत्ता, तो काय टेक्सासला जाणार?

नोटरीबाई स्क्रीनवर आल्या. गोड हसून म्हणाल्या, हे सगळं रेकॉर्ड होतंय, कायदाच आहे तसा, आणि सही करताना जवळ दुसरं कोणी नको. कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवा. आता शहाण्या बाईनं घरी जावं की नाही? पण मावशींचं काही अडलं तर? मी हळूच पॅन्ट्रीत शिरले आणि दार लोटून घेतलं. मी डाळींच्या डब्यांत, कान बाहेर.

ओळख पटवायला लायसन्स दाखवून झालं. मग बाईंनी विचारलं, ही सही तुम्ही स्वतःच्या मर्जीनं करताय ना?

मावशी गप्प.

मला वाटलं, इंग्रजी कळलं नसेल. कुणी उत्तराला इतका वेळ लावला की मला सोसत नाही हो. आतूनच म्हटलं, "मावशी, येस म्हणा." तरी गप्प. मग त्यांना आणखी त्रास नको म्हणून मीच मोठ्यानं सांगून टाकलं, "येस, येस, शी इज हॅपी!"

बाईंचं हसू गेलं. "हू इज इन द रूम?"

बाहेर आले. हातात तूरडाळीचा डबा. तो का, ते मला विचारू नका. म्हटलं, आय ॲम नेबर, आमच्यात चालतं असं. त्यांच्यात चालत नव्हतं. त्यांनी मला घराबाहेर काढलं. मावशींनी लॅपटॉप खिडकीशी धरून, मी ड्राइव्हवेत उभी असलेली त्यांना दाखवली. म्हणजे लॅपटॉप चालवता येत होता की मावशींना!

काचेतून मावशी बोलताना दिसत होत्या. बराच वेळ. मी आत गेले तेव्हा स्क्रीन बंद होती.

"झाली सही?"

"नाही. मला जायचं नाही म्हणून सांगितलं. त्यांनी तिथेच थांबवलं."

"अहो, मग मला सांगायचंत ना आधी."

मावशींनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. "तू रोज येतेस. गुडघा कसा आहे विचारतेस, सून फोन करते का विचारतेस, निखिलचा पगारसुद्धा विचारतेस. मला जायचंय का, हे त्या परक्या बाईनं विचारलं."

निखिल आता माझा फोन उचलत नाही. त्याला वाटतं, मी मुद्दाम मोडता घातला. तेवढी अक्कल असती तर काय हवं होतं? आणि ते रेकॉर्डिंग म्हणे वर्षानुवर्षं जपून ठेवतात. त्यात माझा आवाज आहे, शी इज हॅपी.

त्या वेळी मी हातातला डबा ओट्यावर ठेवला. म्हटलं, "मावशी, चहा टाकू?"

"टाक की," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरी. आणि माझा कढीपत्ता आणून ठेव."