वाणात दिलेलं सरबत

त्या संक्रांतीला मी हळदीकुंकवाला सरबताची पाकिटं लुटली. ताई अमेरिकेहून येताना घेऊन आली होती, लिंबू-आल्याच्या चवीची, पाण्यात ढवळून प्यायची. इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या टार्निटमध्ये, जानेवारीत उन्हाने जीव नकोसा होतो आणि प्लास्टिकचे डबे घेऊन-देऊन आम्ही सगळ्याच कंटाळलो होतो. माझ्या वाणाचं भरपूर कौतुक झालं.

पाकिटावर ‘हेम्प’ असं लिहिलेलं मी पाहिलं होतं. हेम्पच्या बिया इथल्या सुपरमार्केटमध्ये मिळतात, लेकीच्या स्मूदीत मी त्या रोज घालते. म्हटलं, त्यातलंच काहीतरी असेल. पुढचं वाचलंच नाही. आणि मी नोकरी कसली करते, तर खाण्यापिण्याच्या वस्तूंची लेबलं तपासण्याची. पण सख्ख्या बहिणीने दिलेल्या वस्तूची लेबलं काय वाचायची?

सोमवारी उरलेलं एक पाकीट ऑफिसात नेलं. शेजारच्या सहकाऱ्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि हळूच म्हणाला, “मेट, हे तू पिऊ नकोस. मागे वाच.” मागे बारीक अक्षरात टीएचसी होतं. म्हणजे बिया नव्हेत, त्याच रोपाचा नशा आणणारा अर्क. ताईला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, आमच्याकडे कोल्ड्रिंकशेजारी ठेवलेलं असतं.” तिच्याकडे ते कोल्ड्रिंक, इथे मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जवळही ठेवता येत नाही असं औषध. रोप तेच, पण विमानात बसल्यावर त्याची जातच बदलली. यावर एरवी मी ऑफिसात तासभर वाद घातला असता. त्या दिवशी फक्त घाम फुटला.

दिलेलं वाण परत कसं मागायचं? आणि मागताना सांगायचं काय, की मी तुम्हाला कुंकू लावून गांजाच्या जातीचं काहीतरी हातात ठेवलं? मी ग्रुपवर लिहिलं, “सरबताची एक्स्पायरी उलटून गेलीय गं, टाकून द्या. सॉरी.” धडाधड अंगठे आले. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका मैत्रिणीचा फोन आला. ती शिकायला म्हणून इथे आली, मिळतील ती कामं केली आणि गेल्या वर्षी बस ड्रायव्हर झाली. तिच्या डेपोत नशा केलीय का हे बघायला कधीही लाळेची टेस्ट होते.

“सरबत भारी होतं हं. मघाशी प्यायले.”

“अगं, टाकून द्या म्हटलं होतं ना मी?”

“एक्स्पायरीचं काय एवढं? आपण कधीपासून तारखा बघायला लागलो? फक्त डोकं जरा जड झालंय. दोनला शिफ्ट आहे, जाईल तोवर.”

मग मला सगळं सांगावंच लागलं.

“तुला काल माहीत होतं?”

“हो.”

तिने फोन ठेवला. मग स्वतःच डेपोला कळवलं, काय प्यायलं तेही सांगितलं. चौकशी होईपर्यंत तिला बसवर पाठवणार नाहीत असं ठरलं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. चूक माझी आहे असं लिहून द्यायला तयार आहे, म्हटलं. तिने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

“लिहून दे, लागेलच ते,” ती म्हणाली. “लेबल वाचायचं राहिलं, ते कुणाचंही राहतं. त्याचा मला राग नाही. पण काल खरं लिहिलं असतंस तर मी ते पाकीट फेकून दिलं असतं. तू आधी स्वतःची लाज सांभाळलीस.”

मी कागद-पेन मागून तिथेच लिहायला घेतलं. तिचं अक्षर न् अक्षर खरं होतं.