मास्तरांचा जपलेला हात

कोट शिवावा तर मास्तरांकडूनच, असं गल्लीत म्हणायचे, आणि मास्तरही ते मोठ्या खुशीत ऐकून घ्यायचे. दुकान नवरा-बायकोचं: कापणार मास्तर, मशीनवर बायको. तेच मास्तर एकदा वरच्या फळीवरचा तागा काढायला स्टुलावर चढले आणि ताग्यासकट खाली आले. उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली. डॉक्टरांनी सांगितलं, बोटं आजपासूनच हलवायची, गोळ्या वेळेवर घ्यायच्या.

मास्तरांनी मान डोलावली आणि दोन्हीतलं काही केलं नाही. दुखण्याची गोळी घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. आणि बोटं? छे! कच्चा धावदोरा घातलेल्या कापडाला हिसका द्यायचा नाही, उसवतं, हे त्यांना कोण शिकवणार? त्यांनी हात झोळीत घालून छातीशी धरला, जणू कुणाकडून उसना आणलाय. दुखलं की आणखी घट्ट धरायचे. बोटं सुजली, ताठली, दुखणं वाढलं. शर्टाची बटणंसुद्धा बायकोनं लावायची. कोटाची गिऱ्हाइकं परत जाऊ लागली आणि मास्तर मनातून पार खचले. हात गेला तर दुकानात आपलं काम काय, माश्या मारायच्या?

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं, हात असाच जपलात तर हाड जुळेल, पण दुखणं मुक्काम ठोकेल. मास्तर घरी येऊन कुरकुरले, त्या पोरीला शिवणीतलं काय कळतं?

बायकोनं मशीन थांबवलं. "पक्की टीप मारली की तुम्ही काय करता?"

"ओढून बघतो."

"मग डॉक्टरांनी काय धावदोरा घातलाय?"



त्या दिवसापासून ती हात धुऊन मागे लागली. जेवण झालं की गोळी, मग मॅडमनी दाखवलं तसं मूठ मिटायची, उघडायची, अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. बटणं लावून देणं तिनं बंदच केलं. मास्तर चरफडत चुकीच्या काजात बटण घालायचे आणि तसेच दुकानात बसायचे. शिंप्याचाच शर्ट वाकडा म्हणून लोक हसायचे. ती म्हणायची, हसू द्या. हळूहळू सूज उतरली, बोटं वळू लागली, आणि एके दिवशी डॉक्टरांनी कात्री धरायला परवानगी दिली.

पहिली बाही कापताना मास्तर मध्ये थांबले, घामाघूम झाले, पण खडूची रेघ काही सोडली नाही. तुकडा तिच्यापुढे ठेवून ते ऐटीत उभे राहिले. तर ही मशीनवर डोकं टेकून रडायला लागली.

"आता काय झालं?"

"रोज तुम्ही कळवळायचात आणि मी दामटत राहायचे," ती म्हणाली. "रोज वाटायचं, तुमचा उरलासुरला हात मीच तर मोडत नाहीये ना?"

 मास्तर पुढे झाले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, उजवाच.