वंदना बोटं उगवते म्हणे

मी वाशीम सोडलं त्या सकाळी बाबा स्टेशनवर आले नाहीत. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते आणि कोणाची तरी विहिरीवरची मोटार जळाली होती. अनसिंगला आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान. बाबा घरूनच म्हणाले, "त्याचं पानी थांबलं तं पीक वाळते. तुही गाडी तं तुले घेऊन जातेच." माय मात्र आली. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभी राहून एकच विचारत होती, "थे एवढेसे जीव पाह्याले जर्मनीले कायले जा लागते वं? आपल्या तलावात कमी हायेत काय?"

कमी नव्हते. हायड्रा कुठल्याही गोड्या पाण्यात, शेवाळाला चिकटून राहतो. दोऱ्याच्या तुकड्याएवढा, डोक्यावर पाच-सात धागे. पण माझ्या प्रयोगशाळेतले हायड्रा तलावात मिळत नाहीत. त्यांची अंडी अगदी कोवळी असतानाच केसाहून बारीक सुईनं त्यांत आम्ही एक परकं जनुक सोडतो. बहुतेक अंडी फुकट जातात. एखाद्यात ते जनुक रुजतं आणि मग त्या जनावराची नस जागी झाली की ती मायक्रोस्कोपखाली हिरवी चमकते. पहिलं वर्ष माझं असंच फुकट गेलं. मग एकाच्या कुशीवर हिरवा ठिपका दिसला. त्या ठिपक्यापाशी कळी फुटायची, त्या कळीतून अख्खं हिरवं जनावर सुटायचं, आणि त्याच्यापासून पुढची सगळी. मी दिवसातून चारदा इन्क्युबेटर उघडून पाहायची. फोनवर मायला सांगितलं, "याचं मुंडकं कापलं तरी दोन-तीन दिवसात परत येते." ती नुसती "अगं बाई" म्हणाली.

त्याच सुमारास सोयाबीन निघत होतं. बाबा एका मळणी यंत्राची मोटार दुरुस्त करत होते आणि कोणीतरी बटण दाबलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. मला दीड महिना कोणी काही सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलवर बाबा डाव्या हातानं चहा प्यायचे आणि मला ते दिसायचंही नाही. एकदा चष्मा घसरला, तो सावरायला उजवा हात वर आला.

"काहून सांगतलं नाई?"

"सांगून काय? तू तिथून शिवून देनार होती?"

तेव्हा मी जायला हवं होतं. कोणी अडवलं नव्हतं. आमच्या प्राध्यापकबाई स्वतः म्हणाल्या, जाऊन ये, तुझी जनावरं आम्ही सांभाळू. पण हिरवी कळी नुकती फुटत होती आणि ती दुसऱ्याच्या हाती सोपवायची माझी हिंमत झाली नाही. माझ्यासारखे जे निघून गेलेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. जे मागे राहिलेत, त्यांना ते कसं सांगावं हे मला अजून जमलेलं नाही.

मी नसताना मायनं आपल्या परीनं उत्तर शोधलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगू लागली, "माही वंदी बोटं उगवाचं शिकून राह्यली." मी ते फोनवर ऐकलं, हसले आणि खोडून काढलं नाही.

चार महिन्यांनी घरी गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून शेवंताबाई नावाची बाई दोन एसट्या बदलून आली. डावा हात मनगटापासून नव्हता. कडबा कापायच्या यंत्रात गेला होता. ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि मायला नाही, मलाच म्हणाली, "मले घाई नाई. किती वर्सं लागतीन थेवढं सांग."

माय सुपातली तूर निवडत होती. तिचा हात थांबला. मी म्हणाले, "मावशी, मानसाचा हात येत नाई. माह्या हयातीत येईन असंही मी सांगू शकत नाई. मायनं सांगतलं थे खरं नाई. मले माहीत होतं, मी गप्प राह्यली."

शेवंताबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग तू कायले शिकून राह्यली?"

मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. कापलेला हायड्रा, तुटक्या टोकाशी आधी अंधार, मग एकेक हिरवी ठिणगी, मग ठिणग्यांची साखळी. तिनं तो तीनदा पाहिला.

"याले दुखते काय?"

"त्याले मेंदू नाई. दुखत नसन असं मानतात."

"मानतात? तुले माईत नाई?"

"नाई."

"माह्या हातात अजून दुखते," ती म्हणाली. "जो हात नाई त्याच्यात. मूठ आवळल्यावानी होते, सोडताच येत नाई. घरचे म्हनतात वहम हाये." मग मोबाइल परत देत म्हणाली, "उगवाचं राहू दे. दुखते कुठून, थे पाह्य."

तो वहम नाही एवढं मला वाचून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिला वाशीमला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आरसा उभा धरून त्यात उजव्या हाताचं प्रतिबिंब पाहायला लावलं, म्हणजे नसलेला डावा हातच तिथं दिसावा, आणि मूठ हळूहळू उघडायला सांगितली. शेवंताबाई आरशात बघत राहिली आणि तिचा श्वास सुटलेला मी ऐकला. दुखणं पूर्ण गेलं नाही. काही दिवस कमी असतं, काही दिवस नाही.

त्या संध्याकाळी बाबांपाशी बसले. ते म्हणाले, "मले माहीत होतं काई उगवत नाई. पन तुह्या मायले लोकाइले काईतरी सांगाले पायजे होतं ना. तू काहून आली नाई, असं सारे पुसत होते."



परत आले त्याला आता काही वर्षं झाली, जनावरं ठणठणीत आहेत. मीच कुठं धड टिकत नाही. बाकावर बसले की उठावंसं वाटतं, नदीकाठी फिरायला गेले की परतावंसं वाटतं. इथले मित्र म्हणतात, घरची आठवण येते तुला. तसं नाही. आठवणीत बोचत नाही काही, सगळं छान असतं; बोचतं ते तेव्हा मी गेले नाही, हे.

रविवारी शेवंताबाईचा फोन येतो. तब्येत, पाऊस, लग्नं यातलं काहीच ती विचारत नाही.

"दुखते कुठून, समजलं काय काई?"

"नाई मावशी. या हप्त्यात काईच नाई."

"बरं. खोटं नको सांगू मंग. पुढच्या रविवारी पायू."

फोन ठेवला की मी परत खाली प्रयोगशाळेत जाते. सात वर्षांत इथं मला पुष्कळांनी पुष्कळ प्रश्न विचारले आणि मी त्यांची नीट उत्तरं दिली. पण ज्यांच्यापुढे "नाई" म्हणताना माझा आवाज अजून कापतो, ती माणसं अनसिंगला आहेत आणि मानोऱ्याच्या त्या तांड्यावर. माझं घर आता तेवढंच आहे.