अण्णांना शंभरी गाठून द्यायची होती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी माझ्याच पायावर धोंडा कसा मारून घेतला ते सांगतोय!

छप्पन सालचा नवा वारसा कायदा नुकताच आलेला. डोंबिवलीत आमचं बैठं घर. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. मी नोकरीला लागल्यावर अण्णांनी, म्हणजे वडलांनी, दुसरं लग्न केलं. माई खडवलीची. अण्णा साठीला टेकलेले आणि माई पस्तिशीची! त्यात घर घेतलं ते दोघांच्या जोडनावावर.

ऑफिसातल्या सावंतानं माझी झोपच उडवली. "अरे येड्या, जोडनाव म्हणजे जो मागे उरेल त्याचं अख्खं घर! उद्या अण्णा गेले की घर माईचं. तू बस वळकटी घेऊन फलाटावर!"

घाबरलो हो! पण डोकं काय झपाट्यानं चाललं म्हणता! अण्णा आधी गेले तर ना? आपण त्यांना जाऊच द्यायचं नाही! माईपेक्षा जास्त जगवायचं!

दुसऱ्या दिवसापासून अण्णांना रोज मानपाड्यापर्यंत चालवायला लागलो.

"अरे, दम लागलाय रे. बसू दे जरा!"

"बसायचं नाही अण्णा! शंभरी गाठायचीय!"

तपकीर बंद. खारका चालू. आणि अंडी! आमच्या घरात अंडं म्हणजे अब्रह्मण्यम्! मी ती कल्याणहून रुमालात लपवून आणायचो आणि गुपचूप दुधात फेटायचो.

"दूध पिवळं का रे?"

"गाईचं आहे अण्णा, गाईचं!"

माई पदरानं डोळे पुसायची. "बापासाठी इतकं करणारा मुलगा मी नाही पाहिला!" खरं सांगतो, लाज वाटायची. पण अंडी काही थांबवली नाहीत.

सहा महिन्यांत अण्णांची काठी सुटली. स्टेशनचा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायला लागले. एकदा तर चक्क शीळ घालताना सापडले! मी मनातल्या मनात पेढे वाटले.

म्हटलं, एकदा खात्री करून घ्यावी. गेलो ठाण्याला वकिलाकडे. तो हसून हसून बेजार!

"असं कोणी सांगितलं तुम्हाला? आपल्याकडे नुसत्या जोडनावानं तसं होत नाही. निम्मं घर वडलांचं, निम्मं तिचं. वडलांच्या निम्म्यात बायको, मुलगे, मुली सगळे सारखे वाटेकरी. भावंडं किती तुम्ही?"

"मी एकटाच!"

"मग निम्म्यातलं निम्मं तुमचंच की!"

पाव घर! पण हक्काचं! मी अक्षरशः नाचत घरी आलो. दारातच माई मला बघून लाजली आणि आत पळाली. अण्णा ओटीवर खाली मान घालून बसलेले.

"काय झालं अण्णा?"

"अरे... तुला कसं सांगू... तुझ्या त्या दुधाचाच गुण म्हणायचा. माईला तिसरा महिना लागलाय."

मी बोटांवर वाटेकरी मोजायला लागलो.

सहा महिन्यांनी मला दोन बहिणी झाल्या. जुळ्या! पाव घरातलं माझं किती राहिलं, ते मोजणं मी सोडून दिलंय. सांगणार कोणाला? वाटेकरी मीच वाढवले ना, अंडी फेटून फेटून!